कपाशीत मुरलेला हात

सुकलाल आप्पांची सगळी हयात कपाशीत गेली. अळी दिसली की आधी चिमटीत चिरडायची आणि मग बघायचं. बोंडअळीने त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. आता शेत मुलाच्या हाती होतं आणि आप्पांकडे उरली होती लोणखेड्याच्या घरामागची टोमॅटोची झाडं.

झाडांवर मावा पडला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. त्यापाठोपाठ पानापानांवर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरू लागल्या. काय एकेकीचं ध्यान! आप्पा रोज सकाळी त्या वेचून चिरडत. लाल पाठीचे ठिपकेदार भुंगे मात्र देखणे म्हणून सोडून देत. तरी मावा वाढतच गेला, पानं चिकट होऊन आकसली.

सुट्टीला आलेली नात काजल सकाळी मागच्या दाराशी आली आणि ओरडलीच, "आप्पा, काय करी ऱ्हायनात तुम्ही! ह्या त्याच लाल भुंगासना बच्चा शेतस. मावा ह्याच खातस!"

आप्पांनी चिरडलेल्या अळ्यांकडे पाहिलं. "मंग आते?"

"आते काय? एखादी उरनी व्हई तर देखा."

आप्पांनी पान न् पान उलटलं. शेवटच्या झाडाच्या शेंड्याला एक सापडली. माव्याच्या घोळक्यात तोंड खुपसून ती निवांत खात होती.

"काजल, ये, ही देख!" आप्पा हरखून ओरडले आणि त्यांनी हात पुढे केला.

काजल धावत आली. तोवर आप्पांच्या चिमटीने, त्यांना न विचारताच, आपलं काम उरकलं होतं.