कुंकवाखालचा दिवा

तळासरीतल्या संस्थेच्या मागच्या खोलीत सर्व्हरनं सकाळपासून पिपाणी लावली होती. आत दोन डिस्का, दोन्हींत एकसारखंच भरलेलं. एक गेली तर दुसरी तारून नेते. त्यातली एक गेली होती. दुसरीला धक्का लागला असता तर निलमची आई दुसऱ्यांदा गेली असती.

आई म्हणजे लाडकी, पाड्याची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते तेव्हाच लग्न लागतं. पोथी नाही, सगळं तिच्या तोंडात. लाडकीची गाणी निलमनं हौसेनं चित्रित करून ठेवली होती. स्वतः मात्र एक ओळ शिकली नाही. संस्थेची कॉम्प्युटरवाली मुलगी, तिला कुठला वेळ! डहाणूला ठेवलेली तिसरी प्रत गेल्या पावसाळ्यात भिजून वाया गेली, आणि एवढी चित्रणं पेनड्राइव्हात मावणारी नव्हती. आता नवशीमावशी, लाडकीची धाकटी बहीण, रोज इथे येऊन ती गाणी ऐकत शिकत होती. वाणगावच्या लग्नात तिला पहिल्यांदाच गायचं होतं.

देवेशभाई वापीहून नवी डिस्क घेऊन आले. डहाणूच्या चिकूवाडीवाल्या घरातले, संस्थेचे सेक्रेटरी. माणूस दिलदार, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

"चल, जुनी खेच, नवी टाक. मिटला विषय."

"कुठली खेचू?"

देवेशभाई वाकले. दोन्ही ट्रेवरचे बारीक दिवे काळेच. पडद्यावर मेलेल्या डिस्कचा नंबर होता, पण त्या नंबराची चिठ्ठी डिस्कच्या पाठीवर, म्हणजे बाहेर काढल्यावरच दिसणार.

"मग मशीन बंद कर आणि दोन्ही काढून बघ ना!"

"चांगली डिस्क वर्षानुवर्षं फिरतेय, देवेशभाई. थांबवली आणि परत उठलीच नाही तर?"

"मग उजवी काढ. माझं मन सांगतं." त्यांचा हात ट्रेच्या खिटीपर्यंत गेलासुद्धा.

"हात मागे घ्या!" निलम इतक्या जोरात ओरडली की तिची तीच दचकली. सेक्रेटरीवर आजवर तिनं आवाज चढवला नव्हता. पण माफीही मागितली नाही. "अंदाजानं काही निघणार नाही इथून. मला कळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पोरी, मना भ्या वाटतंय," नवशीमावशी कोपऱ्यातून म्हणाली. "माझी निम्मी गानी अजून व्हायचीत."

"मलाही वाटतंय, मावशी."

भीती होतीच. पण भ्यायला मागाहून वेळ मिळेल, असं निलमनं स्वतःला बजावलं. जिवंत डिस्क काम करते, मेलेली करत नाही. मग तिला कामाला लावायचं. तिनं आईची सगळी गाणी एकदम वाचायचा हुकूम सोडला आणि एक स्पीकरवर लावलं. लाडकीचा खरखरीत आवाज खोलीत भरला. पिपाणीलाही तो भारी पडला.

निलमनं डाव्या ट्रेवर बोटं टेकली. काही नाही. थंडगार.

मग उजव्या ट्रेवर. तिथे आत काहीतरी टकटकत होतं, बोटांना थरथर लागत होती. आई गात होती ती इथून. निलमचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

"मग हिचा लाइट का नाही लागत?" देवेशभाईंनी विचारलं.

निलमनं नखानं उजव्या दिव्यावरचा काळपट मळ खरवडला. मळ कसला, लाल पापुद्रा निघाला. दसऱ्याला तिनंच मशीनची पूजा केली होती; गंध-कुंकू कालवून दोन्ही ट्रेच्या कपाळी दाट टिळा लावला होता, नेमका दिव्यावर. खालून हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला. डावीचा टिळा खरवडला, तर खाली अंधार.

"मी हीच काढणार होतो," देवेशभाई उजवीकडे बघत पुटपुटले.

आता निलमनं घाई केली नाही. आधी पडद्यावरून मेलेल्या डिस्कला सोडचिठ्ठी दिली. मशीननं ती मान्य केल्याचं वाचलं, परत वाचलं. मग डावी खिटी उघडली, ट्रे जरासा ओढून थांबली आणि मग सावकाश बाहेर घेतला. पाठीवरचा नंबर पडद्याशी जुळला.

गाणं कुठेच तुटलं नव्हतं.

"तुझी आय थांबली नाय गं," नवशीमावशी म्हणाली.

नवी डिस्क आत गेली, भरायला लागली. पिपाणी गप्प झाली.

"ही भरली की अजून एक आणतो, डहाणूला माझ्या घरी ठेवायला," देवेशभाई म्हणाले. "वरच्या माळ्यावर, पाणी चढणार नाही तिथे."

"आणाच." निलमनं नखातलं कुंकू पदराला पुसलं, खुर्ची ओढून नवशीमावशीच्या शेजारी बसली आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"आता गो काय?"

"मावशी, एक नक्कल माझ्यातपण भर. मी म्हणते तुझ्यामागून."

पहिली ओळ तिला धड जमली नाही. तिनं ती परत लावली.