पाहुण्यासाठी शेगडी

नुसरतमामा आमच्या दवाखान्यात सकाळी येतात, बाजार उघडायच्या आत. माशाल्लाहखान संध्याकाळी येतात, मागच्या दाराने, टोपी कपाळावर ओढून. इराणमधल्या आमच्या रफसंजानमध्ये म्हाताऱ्या माणसाने अफू ओढली तर कुणी काही म्हणत नाही. ती सोडायला औषध घेऊ लागला की मात्र तो व्यसनी ठरतो. दोघांना मी औषध मापून देते आणि माप हळूहळू उतरवत नेते. कोण येतं हे कुणाला सांगायचं नाही, हे माझं अर्धं काम.

त्यामुळे मामांच्या मुलासाठी माशाल्लाहखानांच्या मुलीला मागणी घालायला जायचं ठरलं, तेव्हा मी नुसतंच "छान" म्हटलं.

काळजी वेगळीच होती. मामांनी याआधी दोनदा अफू सोडली होती आणि दोन्ही वेळा ते परक्या घरी घसरले. कुणीतरी आग्रह केला, नाही म्हणणं बरं दिसेना, एक झुरका मारला, आणि घरची अफूची शेगडी पुन्हा पेटली. या वेळी तुरानमामींनी बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"एक झुरका," त्या म्हणाल्या, "की मी निघाले यझ्दला बहिणीकडे. मग करा त्या शेगडीशीच संसार."

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. चहा झाला, कोलंपे, म्हणजे खजूर भरलेली नक्षीदार बिस्किटं, झाली. मामी मुलीच्या आईबरोबर आत गेल्या. मामांचं माप मी त्याच आठवड्यात उतरवलं होतं, त्यामुळे त्यांचे डोळे वाहत होते आणि जांभया थांबत नव्हत्या.

"मग, पक्कं समजायचं?" माशाल्लाहखानांनी विचारलं, आणि मामा शिंकले.

"थांबा!" माशाल्लाहखानांच्या आई, बीबी, कोपऱ्यातून ओरडल्या. "एक शिंक आली. आता दुसरी येईपर्यंत काही ठरवायचं नाही."

सगळे मामांच्या नाकाकडे बघत बसले. दुसरी काही येईना. बीबींनी चष्मा चढवून पाहुण्यांना नीट न्याहाळलं.

"माशाल्लाह, तुला डोळे आहेत का रे? नाक वाहतंय, जांभया देतोय, हातावर काटा आलाय. माणसाला तलफ आलीय आणि तू त्याला कोलंपे चारतोयस! शेगडी आण."

"आई, त्यांना नको असेल."

"तो लाजतोय. तू कशाला लाजतोस?"

माशाल्लाहखान तळघरातून शेगडी घेऊन आले. तिच्या एका पायाला कोळ्याचं जाळं होतं. त्यांनी निखारे फुलवले, नळीच्या बोंडावर अफूची गोळी चिकटवली आणि नळी दोन्ही हातांनी मामांपुढे धरली. मी तोंड उघडावं तर दोन माणसांचं गुपित फुटणार होतं.

मामांनी नळी घेतली. तिच्याकडे बघितलं. आणि परत केली.

"तुमच्या घरात मी आधी? छे छे. आधी तुम्ही."

"असं कसं? पाहुण्याच्या आधी मी ओढली तर वडील कबरीतून उठून येतील. तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो, घ्या."

"माझा जीव तुमच्या पायाशी. तुम्हीच घ्या."

"माझ्या गळ्याची शपथ!"

"माझ्या मुलाची शपथ!"

नळी इकडून तिकडे जात राहिली, निखाऱ्यांवर राख चढत गेली. मामांचा हात प्रत्येक वेळी नळीवर थोडा जास्त रेंगाळत होता. एकदा त्यांनी ती ओठांपर्यंत नेली, आणि तेवढ्यात माशाल्लाहखान शिंकले.

"आली दुसरी!" बीबी म्हणाल्या. "आता चला!"

मामांनी नळी खाली घेतली. "तुमच्या डोळ्यांत पाणी आहे, खानसाहेब."

"धुराने."

"धूर माझ्याकडे येतोय."

माशाल्लाहखानांनी जांभई दाबायचा प्रयत्न केला. ती दाबली गेली नाही.

"किती उतरलंय?" मामांनी हळूच विचारलं.

"निम्मं. तुमचं?"

"निम्म्याच्या खाली."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी कोलंप्यावरची नक्षी फार बारकाईने तपासत होते.

बीबींनी नळी ओढून घेतली, गोळी खरवडून आपल्या डबीत टाकली आणि "माझ्या गुडघ्यांना होईल" म्हणाल्या. त्याच वेळी मामी दारात आल्या.

"नुसरत!"

"वहिनी, वांगी भाजायला पेटवली होती," माशाल्लाहखान म्हणाले.

"कुठायत वांगी?"

"आणतो."

मामी सरळ मामांजवळ गेल्या आणि सगळ्यांदेखत त्यांच्या मिशा हुंगल्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"पक्कं समजा," त्या म्हणाल्या. "आणि वांगी आणाच आता. निखारे फुकट जातायत."

हल्ली माशाल्लाहखान सकाळी येतात, पुढच्या दाराने. काल दोघे व्याही माझ्या खिडकीशी उभे होते.

"आधी तुम्ही."

"अहो, शक्य तरी आहे का? तुमच्यावरून जीव ओवाळतो, आधी तुम्ही."

"ओ काका," मागून एक ट्रकवाला ओरडला, "जीव नंतर ओवाळा, मला बंदर अब्बास गाठायचंय!"

मी औषधाचे दोन्ही पेले एकदमच पुढे सरकवले. दोघे एकापाठोपाठ एक शिंकले, आणि रांग पुढे सरकली.