गिअरबॉक्सची न दिसणारी चीर

"गिअरबॉक्सच्या कवचालाच चीर गेलीय, लॉर्ना," गॅरेजवाला गार्थ फडक्याला हात पुसत म्हणाला. "गाडी संपली. इथंच सोडून जा, भंगारात घालायचं मी बघतो."

"चीर कुठंय? दाखव."

"हनी, ती अशी उघड्या डोळ्यांना दिसत नसते. दिसली असती तर आम्हाला कोणी विचारलं असतं का?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. लॉर्नाचे कान तापले. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज शेकडो पोरांना ओरडून रांगेत उभं करणारी बाई ती. "हनी म्हणू नकोस मला," एवढंच ती म्हणाली. गिअरबॉक्समध्ये वरून तेल ओतलं आणि गळणाऱ्या तेलाचे लाल थेंब सांडत गाडी घरी घेऊन निघाली.

वाटेत सिग्नलला शेजारी एक हिरवी गाडी येऊन थांबली. तिनं सहज पाहिलं आणि ती पाहतच राहिली. मागच्या दाराला पोचा, काचेवर चर्चचं फिकट स्टिकर. गाडी शेजारच्या ऑटिलीबाईंची होती. 'गिअरबॉक्स फुटलाय' म्हणून गार्थनं ती हिवाळ्यात भंगाराच्या भावात घेतली होती. आता तीत गार्थचा पुतण्या मोठ्यानं गाणी लावून बसला होता. आणि ऑटिलीबाई? त्या डॉक्टरकडे जायलासुद्धा लोकांना फोन करून गयावया करत होत्या.

सिग्नल हिरवा झाला तरी लॉर्ना जागची हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवला तेव्हा कुठं ती भानावर आली.

घरी आई अंगणात खुर्ची टाकून मक्याची कणसं सोलत होती. आईचं, म्हणजे इमोजीनबाईंचं, अख्खं आयुष्य गावाबाहेरच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेलं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या त्या पट्ट्यात घरटी एक माणूस तिथं असायचाच.

"चीर म्हणाला?" त्यांनी कणीस खाली ठेवलं. "त्याच्या डोक्याला गेली असेल! खालच्या तेलाच्या पॅनच्या सांध्यातलं गॅस्केट गेलंय, दुसरं काय? जॅक काढ."

रविवारी लॉर्ना गाडीखाली शिरली. जॅकवर भरवसा नको म्हणून आईनं आधी भक्कम स्टँड लावून घेतले. पॅनचे बोल्ट सुटताच तेलाचा लोंढा आला तो थेट बाहीत आणि केसांत.

"अगं, एका कोपऱ्यातून आधी सैल करायचं होतं!"

"मग आधी सांगायचं होतंस!"

नवं गॅस्केट बसलं, तेल भरलं. दोघींनी थाटात कॉफी घेतली. आणि सकाळी पाहतात तर सिमेंटवर पुन्हा लाल डाग.

लॉर्ना आईवर उखडली. "दुसरं काय म्हणे! चाळीस वर्षं तिथं नोकरी केलीस ना?"

"मी गिअरबॉक्स जोडायचे," आईही चिडली. "गळणारे माझ्याकडे येत नव्हते. आणि ओरडू नकोस माझ्यावर, तो गार्थ आहे ओरडायला."

मग दोघींनी अक्कल लढवली. गाडीचं पोट घासून धुतलं, कोरडं पुसलं. आई ब्रेक दाबून बसली, इंजिन चालू केलं, आणि लॉर्ना बाजूनं वाकून बॅटरीच्या उजेडात बघत राहिली. बऱ्याच वेळानं पुढच्या बाजूला, तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या नळीवर एक लाल मणी फुगला. तो घसरत पॅनच्या कडेनं मागं गेला आणि तिथून टपकला. लोखंडी नळीला जोडलेला रबराचा तुकडा कडक होऊन तडकला होता. वीतभर रबर, बस्स!

"आई," लॉर्ना सरळ होत म्हणाली, "या एवढ्यासाठी गाडी भंगारात?"

तिला आनंद व्हायला हवा होता. पण झाला संतापच. तेल झेपेल असा नवा तुकडा आणून दोन क्लिपांनी तिनं करकचून आवळला. गळती थांबली.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती. सारा गाव जमला होता. गार्थ पाकाची बाटली पॅनकेकवर उपडी करत होता. लॉर्ना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गार्थ, बाहेर गाडी उभी आहे. चल, चीर दाखव."

"अगं, खाऊ दे की. सुट्टीचा दिवस—"

"रबराची नळी तडकली होती. मी बदलली. तुला ती दिसली नाही, की बघायची नव्हती?"

हॉलमधले सगळे आपापल्या ताटात बघू लागले. त्याचाही लॉर्नाला राग आला. यातल्या निम्म्यांना गार्थचे धंदे माहीत होते!

"माणसाची चूक होते कधीतरी," गार्थ हसत म्हणाला.

"माझ्या गाडीच्या वेळीही चूकच झाली का रे?" मागून ऑटिलीबाईंचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "तुझा पुतण्या रोज माझ्या खिडकीवरून ती घेऊन जातो. मला वाटायचं, तू बिचाऱ्यानं खपून दुरुस्त केली असेल."

"तुम्ही सही करून विकलीय ती," गार्थ म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"खोटं सांगून घेतलीस म्हणून सही केली."

त्यानं माफी मागितली नाही. ताट तसंच टाकून तो निघून गेला. सोमवारी लॉर्नानं रजा टाकली आणि ऑटिलीबाईंना घेऊन कोर्टात गेली. तिथल्या कारकुनानं तक्रार कशी करायची ते समजावलं. बाईंनी ती तिथल्या तिथं दाखल केली.

कोर्टाची तारीख यायच्या आत एका दुपारी हिरवी गाडी ऑटिलीबाईंच्या दारात उभी दिसली. किल्ली टपालपेटीत होती. सोबत ना चिठ्ठी, ना शब्द. ऑटिलीबाई गाडीच्या दारावरून हात फिरवत रडल्या. लॉर्नानं आत बसून किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पेट्रोलचा काटा पार तळाला टेकला होता.

"टाकीसुद्धा कोरडी करून दिली मेल्यानं!" लॉर्ना ओरडली, आणि तरातरा पेट्रोलचा डबा आणायला निघाली.