घरात माणसं किती

पिराजीच्या सायकलीला दोन पिशव्या असत. एकीत काचा, सुया, कापूस आणि गोळ्यांचा डबा, दुसरीत वही. हिवतापाच्या कामावर त्याला सहा वर्षं झाली होती आणि जळकोटच्या बाजूची आठ गावं त्याच्याकडं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. दाराजवळच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख आणि सही टाकायची, मग दोन प्रश्न विचारायचे. घरात माणसं किती, आणि ताप कुणाला. ताप असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं. नसला तर पुढचं घर.

लोक त्याला मलेरियाच म्हणत. "मलेरिया आला" असं ओरडत पोरं पुढं पळत, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नसे, पिराजीलाही नाही.

बहात्तरच्या नोव्हेंबरात एका वाडीवर तो सिताबाईच्या दारात उभा राहिला. नवरा, सासू, दोन मुलं आणि ती स्वतः. वहीत पाच होते.

"माणसं किती?"

"चार," सिताबाई म्हणाली.

पिराजी हसला. "बाई, सोताला इसरला की."

"व्हय की," म्हणून तीही हसली. तिच्या हाताला शेण लागलेलं होतं आणि ते ती अंगठ्यानं खरवडत होती. पिराजीनं पाच लिहिले, ताप निरंक लिहिलं आणि सायकल पुढं ढकलली.

चौथ्या दिवशी ती विहिरीत सापडली. पोलीस पाटलानं पाय घसरला असं लिहून दिलं, आरोग्य केंद्राच्या वहीत अपघात म्हणून नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. पंधरवडा भरल्यावर पिराजी पुन्हा त्या दारात गेला, कारण पाळीचं घर चुकवता येत नाही. नवरा बाहेर आला.

"माणसं किती?"

"चार."

तोच आकडा. पिराजीनं तो लिहिला, पण पेन्सिलीवर इतका जोर पडला की कागद फाटला.

त्यानंतर कुठल्याही दारात प्रश्न विचारला की उत्तर येण्याआधी त्याला ते 'चार' ऐकू यायचं. भर उन्हात, माणसांच्या गलक्यात, एखाद्या साध्या गोष्टीसारखं बोललेलं. ती चुकली नव्हती. तिनं बरोबर मोजलं होतं, आणि त्यानं तिची चूक सुधारून दिली होती. हे त्यानं घरी सांगितलं नाही, केंद्रावरही नाही. फक्त प्रश्न बदलला. आता तो आकड्यावर थांबत नसे, एकेकाचं नाव घ्यायला लावी.

"मतदान हाय का काय रं?" म्हातारे विचारत. "कोंबड्या बी लिहून घे. दोन कमी झाल्यात, मुंगसानं नेल्या."

तोही हसे. पण नावं घेतल्याशिवाय हलत नसे. एका तासाच्या कामाला तीन तास लागू लागले. लोक चुकायचेच. नांदायला गेलेली लेक मोजायचे, कामाच्या शोधात गेलेला भाऊ सोडून द्यायचे. दर चुकीला पिराजी पुन्हा पहिल्यापासून नावं घ्यायला लावी आणि मग काही नसायचं. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला स्वतःलाच वाटू लागलं.

त्र्याहत्तरच्या एप्रिलात तो गावाच्या शेवटच्या अंगाला, मेंढक्यांच्या घरांत होता. बब्रुवानाचं घर. बब्रुवान आणि त्याचा बाप दोघं उरलेल्या मेंढ्या घेऊन चाऱ्यामागं कर्नाटकाकडं गेले होते. घरी आई मालनबाई, बायको चांगुणा आणि चार वर्षांचा मुलगा. तान्हं होतं, ते महिन्यापूर्वी गेलं. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर चांगुणा माती वाहत होती आणि झोळी बाभळीला बांधलेली होती. दुपारी बघितलं तेव्हा लेकरू गार पडलेलं. जुलाब होते, ऊन होतं. कुणी तिला काही बोललं नाही. जाण्याआधी नवरा नाही, सासू नाही. बोलणंच बंद झालं.

अंगणात मालनबाई रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसली होती. चांगुणा दारात उभी.

"माणसं किती, ताई?"

"पाच."

वहीत सहा होते, तान्हं गेल्यावर पाच. आकडा जुळला. पिराजीनं पेन्सिल टेकवली, पण सवयीनं म्हणाला, "नावं सांगा."

चांगुणानं बोटं दुमडत सांगितलं. "मामा. आत्याबाई. धनी. थोरला." आणि करंगळीवर येऊन ती थांबली. "आन् बाळ."

मालनबाईचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

गेलेलं बाळ आकड्यात होतं, ती स्वतः नव्हती. पिराजीनं वही मिटली. पाणी मागायचं निमित्त करून तो थांबला नाही. पिराजी बौद्ध होता. या आळीत त्याच्या हातची गोळी चालायची, बोट पुढं करायला कुणी मागं हटत नसे, पाणी मात्र वरून ओतलं जायचं. आत जाऊन बसायला त्याला जागा नव्हती, आणि परक्या पुरुषानं तरण्या सुनेशी बोलत उभं राहायला कारणही नव्हतं.

संध्याकाळच्या आत तो केंद्रावर पोहोचला. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बदलीची वाट बघणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिनं काही केलंय का?"

"न्हाय, साहेब."

"केलं तर पोलीस केस. नाही केलं तर माझ्याकडं पेशंटच नाही. मधल्याला आपल्याकडं रकाना नाही, पिराजी."

"हिवतापाला हाय," पिराजी म्हणाला. "काचेत हिवताप दिसला की पाच दिवस रोज घरी जाऊन समोर गोळी गिळायला लावतो आमी. त्याला कुनी नको म्हनत न्हाय."

डॉक्टरांनी मान वर केली. "खोटी काच लिहाल तर नोकरी जाईल. माझीही."

"वहीत न्हाय लिहिणार. तोंडानं सांगीन."

डॉक्टरांनी कपाटातून ताकदीच्या लाल गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे अशक्तपणासाठी. बाकी मी ऐकलेलं नाही. आणि तुमचा गोळ्यांचा डबा तिथं विसरून येऊ नका. एक गोळी हातावर, बाकीच्या तुमच्यासोबत परत."

नर्स कमलबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. चाळिशीची, उमरग्याची, जिभेला धार असलेली. तिनं एकच विचारलं.

"अंगावर पाजत होती का? दूध आटवलं का कुनी तिचं?"

पिराजीला हे सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. पिराजीनं अंगणातूनच सांगितलं, चांगुणाच्या अंगात हिवताप आहे, पाच दिवस गोळी, कामावर जायचं नाही, उन्हात एकटीनं फिरायचं नाही. मालनबाई म्हणाली, "ताप तर न्हाय आला तिला."

"आतला हाय," पिराजी म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यानं त्याचे कान तापले.

कमलबाई चांगुणाला घेऊन आत गेली आणि घटकाभरानं एकटीच बाहेर आली. "छाती दगड झालीय पोरीची," ती मालनबाईला म्हणाली, "आन् तुमी माणसं महिनाभर नुसती बघत बसला."

वाटेत पिराजीनं विचारलं, "ते मनातलं कसं काढायचं हो, बाई?"

"इचारायचं. सरळ."

"आन् इचारल्यानं डोक्यात भरलं तर?"

कमलबाई थांबली. "ते आदीच भरलेलं असतंय. इचारल्यानं कुनी मरत न्हाय, पिराजीभाऊ. तुमी हसण्यावारी नेलं न त्या वाडीवरच्या बाईचं?"

हे तिला कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही. वाडीवर कुणीतरी ऐकलं असेल, किंवा त्याच्या वहीतलं फाटलेलं पान तिनं बघितलं असेल. त्या रात्री तो झोपला नाही.

दोन दिवस तसेच गेले. तो यायचा, मालनबाई त्याच्यासाठी अंगणात पोतं टाकायची, चांगुणा गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायची आणि आत जायची. विचारायचं म्हणून त्याचं तोंड उघडे आणि 'पाणी जास्त प्या' असलं काही बाहेर येई. परतताना प्रत्येक वेळी वाटे, आजचा दिवस वाया गेला, उद्याचा असेलच कशावरून.

चौथ्या दिवशी तिनं गोळी गिळली, तशी पिराजीनं मान खाली घातली आणि एका दमात म्हणाला, "ताई, एक इचारतो. जीव द्यावा असं येतं का मनात?"

मालनबाई समोरच होती. तिला आत पाठवायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चांगुणानं त्याच्या सायकलीकडं पाहिलं. "येतं," ती म्हणाली. "पाण्याला गेले की येतं. झोळीपशी कुनी थांबलं असतं तर... म्याच थांबाय पायजे हुतं."

पुढं काय बोलायचं हे कमलबाईनं सांगितलं नव्हतं. सुपाचा आवाज थांबला होता.

"मला ठावं हाय," मालनबाई म्हणाली. ती सुनेशी नाही, सुपातल्या लाल दाण्यांशी बोलत होती. "बाळ गेल्यापसनं रोज रातच्याला तुझ्या पदराला माजा पदर गाठीनं बांधून निजते म्या. तू हाललीस की जाग यावी म्हणून."

चांगुणानं तिच्याकडं वळून पाहिलं. "मला वाटायचं झोपेत अडकतंय."

"अडकत न्हाय."

"मग बोलला का न्हाय, आत्याबाई?"

"काय बोलू? त्या दिवशी तुला कामावर म्याच धाडली. माजी कंबर धरली हुती." मालनबाईनं नाक पुसलं आणि पिराजीकडं मान वळवली. "हिवताप न्हाय ना रं हिला?"

"न्हाय, मावशी."

"मला पहिल्या दिवशीच कळलं. तुला खोटं बोलाया येत न्हाय. पन म्हटलं, दिवसा कुनी तरी येतंय. येऊ दे."

चांगुणा खाली बसली. रडली नाही. सुपातले चार दाणे उचलून तिनं तळहातावर घेतले आणि परत टाकले. मग तिनं विचारलं, "बाळाचं नाव त्या वहीतनं खोडलं का, दादा?"

"खोडलं."

"आन् माजं?"

"हाय. पाचात हाय."

पाचव्या दिवशी कमलबाई पुन्हा आली आणि दर मंगळवारी येईन असं सांगून गेली. ठरलं ते थोडकंच होतं. पाण्याला दोघींनी मिळून जायचं, बब्रुवानाला निरोप पाठवायचा, आणि बाळाचं नाव घरात घ्यायचं.

सहाव्या दिवशी पिराजीची पाळी दुसऱ्या गावची होती. त्याला इथं यायचं काही कारण नव्हतं. तरी तो आला आणि बांधावर सायकल टेकवून उभा राहिला. टँकर नुकताच विहिरीत पाणी ओतून गेला होता, बायका घागरी घेऊन पळत होत्या. गर्दीत त्याला दोघी दिसल्या. चांगुणानं दोर सोडला. ती कठड्यावरून वाकली, इतकी की तिचा चेहरा दिसेना. मालनबाई तिला खेटून उभी होती. दोर ताणला, हात वर-खाली होऊ लागले, आणि भरलेली घागर काठावर आली. चांगुणा सरळ झाली. तिनं कपाळावरचा घाम पुसला.

तिच्या पायाशी अजून एक रिकामी घागर होती. ती भरेपर्यंत पिराजी थांबला.