क्रौंचगणना

दुर्बिणीची काच रुमालाने पुसून निवृत्त गुरुजींनी ती पुन्हा डोळ्यांना लावली आणि ओठांतल्या ओठांत मोजणी पूर्ण केली.

“त्रेपन्न.”

शेजारी उभ्या असलेल्या सुनेनेही आपली दुर्बीण खाली घेतली. क्षणभर ती लव्हाळ्यांकडे पाहत राहिली.

“त्रेपन्नच, बाबा.”

तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत गुरुजींनी तो आकडा समाधानाने उतरवला. या पाणथळीतल्या क्रौंचांची गणना ते एकवीस वर्षे अशीच करीत आले होते. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे आणि आकडे जुळले तरच लिहायचे. त्या आकड्यांच्याच बळावर हे पाणी संरक्षित झाले होते. पूर्वी जोडीला त्यांचा घड्याळजी मित्र असे. एकेका पाखरासाठी तो हमरीतुमरीवर येई. त्याने अंथरूण धरले, म्हणून यंदा प्रथमच सून आली होती. चार तळी झाली, तरी एकदाही मतभेद झाला नव्हता. पोर नजरेची पक्की आहे, असे गुरुजी वाटेत दोनदा म्हणाले होते.

इतक्यात बांधावरून पाणथळीचा रक्षक आला. ख्यालीखुशाली झाल्यावर त्याने लव्हाळ्यांकडे बोट दाखवले. परवाच त्याने तिथे तीन लाकडी क्रौंच रोवले होते. त्यांना पाहून खरे पक्षी निर्धास्तपणे उतरतात, असे त्याचे म्हणणे.

“पाखरं फसतात, गुरुजी,” तो हसत म्हणाला. “माणसं काही फसत नाहीत.”

गुरुजीही हसले. तो पुढे गेल्यावर त्यांनी लव्हाळ्यांपाशी उभ्या असलेल्या त्या तीन करड्या आकृती बराच वेळ न्याहाळल्या. त्यांना त्या अजूनही सजीवच वाटत होत्या.

“तुला किती दिसले होते?”

सून बुटाच्या टोकाने ओली माती उकरू लागली.

“पन्नास.”

“मग?”

“तुम्ही त्रेपन्न म्हणालात ना. तुम्हाला खोटं कसं पाडू?”

“म्हणजे आधीची तळीसुद्धा...”

गुरुजींनी हातातल्या फळीवरचा तक्ता काढून त्याची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि फळीवर कोरा कागद लावला. मग रक्षकाला हाक मारून त्यांनी गळ्यातली दुर्बीण त्याच्या हाती दिली.

“आता याच्याशी भांड,” ते सुनेला म्हणाले. “माझ्याशी भांडणं तुला जमायचं नाही.”

तिघे पहिल्या तळ्यावर परतले. तिथे अठ्ठावीस की एकोणतीस, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. पाण्याकडे पाठ करून, पेन्सिल रोखून, गुरुजी वाट पाहत उभे राहिले.