फोटो काढणारा माणूस

आजींनी गावच्या दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रावरचं प्लास्टिक सर्रकन ओढलं, तशी धुळीने त्यांचीच खोकून पुरेवाट झाली.

"आजी, हात नका लावू!" सिस्टर धावत आली.

"का? दोन वर्षं पांघरूण घेऊन पडलंय, जागं तरी करू दे."

दाराबाहेरच्या बाकड्यावर आजोबा सुजलेला पाय लांब करून बसले होते. पायरीवरून घसरले होते. हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, ते फोटो निघाल्याशिवाय डॉक्टर सांगेनात. यंत्र होतं, फोटो काढणारा माणूस नव्हता. म्हणे शहरात न्या. चार तासांची बस, त्यातले दोन तास निव्वळ खड्डे. मोडलं नसेल ते वाटेत मोडायचं.

"यंत्र दिलं, खोली दिली, दारावर पाटी लावली. माणूस तेवढा द्यायचा राहिला! सगळी माणसं काय शहरातच पिकतात? माझा धाकटा हेच काम करतो, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. तिथे यंत्रं सहा आणि माणसं अकरा!"

"इथेही आला होता की एक," सिस्टर प्लास्टिक झटकत म्हणाली. "गुणी पोरगा. आठव्या दिवशी त्याची आई आली. त्या बाकड्यावर बसून रडली. म्हणाली, असल्या आडगावात माझ्या लेकाला मुलगी कोण देणार? मग मोठ्या साहेबांचे पाय धरले. महिन्यात बदली."

"काय बाई तरी एकेक! आपलं पोर तेवढं..." आजींचं वाक्य तिथेच अडकलं.

आजोबांनी पायावरची नजर काढली नाही.

"धाकट्यासाठी आपण गेलो होतो तिथलं बाकडं हिरवं होतं," ते म्हणाले. "तू भिंतीकडे बसली होतीस."

चाळीस वर्षांत आजोबांना शेवटचा शब्द मिळाला तो हा पहिलाच. आजींनी पदराने यंत्राची कड पुसली, मग धाकट्याला फोन लावून पायाचं सांगितलं.

"आई, बाबांना घेऊन ये. पाच मिनिटांत फोटो काढून देतो."

"ते राहू दे. तुझी ती पहिली नोकरी, डोंगराखालच्या गावातली. तिथे आता कोण काढतं रे?"

"तिथे? माझ्यानंतर कुणी आलंच नाही. का गं?"

"काही नाही."

फोन कमरेला खोचून आजींनी प्लास्टिकचं दुसरं टोक धरलं आणि यंत्र झाकायला सिस्टरला हातभार लावला.