कूमचा लॅपटॉप

दुरुस्तीच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढली, पण दोन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांपुढे मी अजून हात टेकतो. एक घाई करणारं आणि दुसरं रडणारं. शुक्रवारी सकाळी विदोसावामावशी दुकानात आल्या त्या दोन्ही मिळून एकच होत्या. फक्त त्या रडत नव्हत्या, रडू दाबून माझ्यावर डाफरत होत्या.

टेबलावरच्या फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वायर लावली की चालतो, काढली की मरतो, बॅटरी चार टक्क्यांवरून हलत नाही, अशी तक्रार. मी म्हटलं, मग वायर लावूनच चालवा. त्यावर, अक्कल नंतर शिकव, आधी ऐक, असं मला ऐकवून त्या स्टुलावर बसल्या.

त्यांचे यजमान मिलुतिन तीन आठवडे इस्पितळात होते. फुप्फुसं थकलेली. खाटेजवळच्या एकुलत्या प्लगवर त्यांचं प्राणवायूचं यंत्र, आणि लांबून वायर ओढायला नर्सची सक्त मनाई. तिचंही बरोबरच होतं, कोणीतरी पाय अडकून पडलं असतं. आणि उद्या अकरा वाजता तिकडे ऑस्ट्रियात, लिंझला, एका तान्ह्या पोरीचा बाप्तिस्मा होता. मिलुतिन तिचे कूम, म्हणजे धर्मपिता.

कूमपण आमच्याकडे घराण्यात चालतं. मिलुतिनच्या आजोबांनी त्या पोरीच्या घरातल्या पोरांना नावं ठेवली, मग वडिलांनी, मग मिलुतिननी. आताशा बरेच आईबाप स्वतःच नाव ठरवतात, पण या दोन घरांनी रीत मोडलेली नव्हती. कूम उच्चारतो तेच नाव, आणि तोवर ते कोणालाही कळत नाही. लिंझच्या देवळात मेणबत्ती धरायला पुतण्या उभा राहणार होता. नाव मात्र मिलुतिन स्वतः सांगणार होते, तेही पोरीचं तोंड बघूनच.

मी माझा फोन देऊ केला. मावशी म्हणाल्या, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवर त्यांना पोर आणि बटाटा सारखाच दिसेल. दुकानातले बाकीचे लॅपटॉप परक्यांचे, तेही पोट फाडून ठेवलेले.

"मग नाव तुमच्या कानात सांगू दे ना, तुम्ही कळवा," मी म्हटलं.

"मला? शेहेचाळीस वर्षांत त्या माणसानं मला पगार सांगितला नाही, नाव सांगतोय! पुढच्या बाप्तिस्म्यापर्यंत तो राहणार नाही, बाळा. त्याला हे एक करू दे."

मी स्क्रू काढायला घेतले.

आधी चार्जर बदलून पाहिला. तेच. बॅटरी काढून मीटर लावला, ती ठणठणीत होती. म्हणजे रोग मदरबोर्डात. बॅटरी भरणारी चिप गेली असणार असं मी छातीठोकपणे सांगितलं, एका मेलेल्या बोर्डावरून तसलीच चिप उतरवली आणि दोन तास खपून बसवली. काटा चार टक्क्यांवर. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

चिडून मी पुन्हा गरम हवेची नळी बोर्डावर धरली, तर दुकानभर पाक करपल्याचा वास सुटला. पाक, आणि त्याखाली आमची आलुबुखाऱ्याची दारू, राकिया. मी नळी बंद केली आणि मावशींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मावशी, याला राकिया कोणी पाजली?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी खोकल्याची उबळ येऊन मिलुतिनच्या हातून कॉफी सांडली. मावशींनी लॅपटॉप उलटा करून झाकण उघडलं आणि आतून राकियानं पुसून काढला. आमच्याकडे ताप आला की छातीला राकिया, दात दुखला की दाताला राकिया, मग लॅपटॉपनं काय पाप केलं होतं? त्यातून पांढरी राकिया पाहुण्यांसाठी राखलेली, म्हणून मधाची वापरली.

"ती जास्त गुणकारी असते," त्या पुटपुटल्या. "त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, माझ्या खोकल्यानं मोडला. म्हणून मी गप्प राहिले."

मला हसू आलं आणि लगेच गिळावंही लागलं. मी निखळ स्पिरिट घेतलं आणि दात घासायच्या ब्रशानं तो चिकटा खरवडून काढला. खाली, चार्जर खुपसतो तिथल्या पिनेपासून येणाऱ्या एका केसाएवढ्या रेघेवर, खसखशीच्या दाण्याएवढा रेझिस्टर हिरवा पडून कुजला होता. चार्जर आपलाच आहे ही खबर त्या वाटेनं आत जाते. ती खबर पोचेना, म्हणून यंत्र वीज खात होतं, पण बॅटरीला घासही देत नव्हतं. भिंगाखाली मी नवा दाणा डाख देऊन बसवला. वायर लावली. नारिंगी दिवा लागला. चाराचे पाच झाले तेव्हा मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग माझ्या डोक्याचा मुका घेतला.

शनिवारी दुकान बंद ठेवून मीच बरोबर गेलो. मिलुतिन उशांना टेकून बसले होते, दाढी केलेली, इस्पितळाच्या सदऱ्यावर कोट. मावशींनी लॅपटॉप त्यांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर देऊळ, पाद्री, आणि हातपाय झाडणारी लालबुंद पोर. जवळ आणा, अजून जवळ, असं करत त्यांनी तिला पडदाभर करून घेतलं. कितीतरी वेळ बघत राहिले. पाद्रीनं घसा खाकरला.

"विदोसावा," मिलुतिन म्हणाले.

मावशींनी पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. आमच्या डोंगरातली जुनी माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. 'अगं' म्हणतात, 'कुठं गेलीस' म्हणतात, चारचौघांत 'आमची ती' म्हणतात. त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव मावशी पहिल्यांदा ऐकत होत्या, आणि तेही लिंझच्या अख्ख्या देवळादेखत.

"एवढं जुनाट नाव?" त्या कशाबशा म्हणाल्या. "शाळेत पोरं हसतील तिला."

मिलुतिनना बोलायला दम जमवावा लागला.

"शेहेचाळीस वर्षं मनातल्या मनात घेतोय. मला नाही कधी हसू आलं."

तिकडे पाद्रीनं नाव मोठ्यानं म्हटलं आणि पोरीला पाण्याकडे नेलं. मी पुढे होऊन लॅपटॉप माझ्या हातात घेतला, कारण मावशींना मिलुतिनचा हात धरायचा होता.